धुरा पावसाआधी बांधावा

(मंदिराच्या जीर्णोद्धारानिमित्त, कलशारोहणाच्या आदल्या सायंकाळी नव्या सभामंडपात एका सेवानिवृत्त शिक्षकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर.)



उद्या सकाळी आपल्या देवळावर कळस चढेल. कोणी पोतेभर धान दिले, कोणी सिमेंट दिले, कोणी आपली ट्रॅक्टर-ट्रॉली रेतीसाठी लावली, आणि ज्यांच्याजवळ देण्यासारखे काही नव्हते त्यांनी दोन हात दिले. त्या सर्वांना प्रथम नमस्कार करतो.

समितीने मला 'विवाह आणि कुटुंब' हा विषय दिला. मी विचारले, देवळाच्या कार्यक्रमात हा विषय कशाला? तेव्हा समितीची मंडळी म्हणाली, "गुरुजी, पुढच्या उन्हाळ्यापासून याच सभामंडपात गावची लग्ने लागणार. मांडव तर आम्ही दिला, मांडवानंतरचे तुम्ही सांगा." म्हणून मी उभा आहे. मी शास्त्री नाही, कीर्तनकार नाही. छत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत पोरे शिकवली आणि उरलेल्या वेळात धानाची बांधी केली. तेवढ्याच अनुभवावर बोलणार आहे.

बांधीपासूनच सुरुवात करू. आपल्याकडे दोन बांध्यांच्या मध्ये धुरा असतो. धुरा हा भांडणाची निशाणी आहे असे कोणी म्हणत नाही. धुऱ्यावरून आपण ये-जा करतो, धुऱ्यावर तूर लावतो, उन्हात धुऱ्यावर बसून दोघे शेजारी एकाच डब्यातली भाकर खातात. पण धुरा फुटला तर काय होते? वरच्या बांधीतले पाणी वाहून जाते, ती कोरडी पडते. खालच्या बांधीत नको तितके पाणी भरते, आणि कालच रोवलेले पऱ्हे बुडतात. नुकसान दोघांचे होते. म्हणून धुऱ्याला पाणी जायला वाट ठेवतात आणि धुरा मजबूत ठेवतात. आणि हे काम शहाणा शेतकरी मृग लागण्याआधी करतो. भर पावसात, गुडघाभर चिखलात धुरा बांधायला गेला, तर माती हाताला थांबत नाही.

नव्या जोडप्याचा संसार ही अशीच एक नवी बांधी आहे. एका बाजूला मुलाचे घर, दुसऱ्या बाजूला मुलीचे घर. दोन्हीकडून माया येणार, सल्ला येणार, हक्क येणार. हे पाणी हवेच आहे, त्याशिवाय पीक नाही. पण किती घ्यायचे आणि कोणत्या वाटेने घ्यायचे, हे त्या दोघांनी एकमेकांशी बोलून ठरवले पाहिजे, आणि ते लग्नाआधी ठरवले पाहिजे. आज मला एवढेच सांगायचे आहे.

आता कोणी म्हणेल, गुरुजी, म्हणजे मांडव पडण्याआधीच वाटणी? तसे नाही. मी माझ्याच घरची गोष्ट सांगतो. आमच्या सौ. समोर बसल्या आहेत, त्यांना विचारूनच सांगतो आहे.

माझे लग्न १९७४ साली झाले. त्या काळी साक्षगंध झाल्यावर मुलाने मुलीशी बोलणे म्हणजे अधर्म. मी तिला पाहिले ते एकदाच, तेही पोह्यांची बशी ठेवून ती आत गेली तेवढेच. लग्नानंतर माझा पगार बाबांच्या हातात जाई. त्याबद्दल माझी आजही तक्रार नाही, घर त्यावरच चालत होते. दुसऱ्या वर्षी धाकट्या भावासाठी बैलजोडी घ्यायची होती. माय मला म्हणाली, "सुनेच्या गळ्यातली एकदाणी काही दिवस गहाण ठेवू, दिवाळीला सोडवून आणू." मी "हो" म्हणालो. एकदाणी तिच्या माहेरची होती. तिच्या आईने मरण्यापूर्वी तिला दिलेली होती. मी तिला विचारले नाही. विचारायचे असते, हेच मला ठाऊक नव्हते. तिला ही गोष्ट नणंदेकडून कळली.

ती भांडली नाही. तिने एकदाणी काढली, मायच्या हातात ठेवली आणि रांधायला बसली. ती दिवाळी गेली, पुढचीही गेली. एकदाणी काही सुटली नाही. पण खरे नुकसान वेगळेच झाले. त्यानंतर कित्येक वर्षे तिने माझ्याजवळ काही मागितले नाही, आणि मनातले काही सांगितलेही नाही. आजारी पडली तरी शेजारणीला आधी कळे, मला मागून. गावात लोक म्हणत, मास्तरांचा संसार किती शांत आहे! ती शांतता कसली होती ते आम्हा दोघांना माहीत.

यात माझी माय वाईट होती काय? मुळीच नाही. तिला एका लेकाच्या घरचे दुसऱ्या लेकाच्या घरी न्यायचे होते. तिला वाटले, सगळी एकच बांधी आहे. मध्ये धुरा आहे हे तिला सांगणे माझे काम होते, आणि मी ते केले नाही. सासू-सुनेचे भांडण म्हणून आपण ज्याला नाव ठेवतो, त्यातल्या पुष्कळ भांडणांत खरा चुकार तिसराच असतो. तो ओसरीवर पेपर वाचत बसलेला असतो.

आपल्या चांद्याचीच एक जुनी कथा सांगतात. गोंड राजा बीरशहा याने आपली लेक देवगडच्या राजघराण्यात दिली. जावयाने तिचा अपमान केला. बापाला ते सहन झाले नाही. तो फौज घेऊन गेला, जावयाचे मस्तक कापले आणि महाकालीपुढे आणून ठेवले, असे म्हणतात. पुढे बीरशहाही मारला गेला. राणी हिराईने बांधलेली त्याची समाधी आपण चंद्रपुरात पाहतो. बापाची माया आणि शौर्य यांविषयी ही कथा सांगतात. पण मी ती ऐकतो तेव्हा मनात दुसराच प्रश्न येतो. त्या लेकीचे म्हणणे काय होते? मी ऐकलेल्या कथेत तिचा एक शब्दही नाही. दोन घरांच्या मानापानात जिचा संसार होता, तिलाच कोणी विचारले नाही. आज तलवारी नाहीत. पण मुलीने रात्री रडत मोबाईलवर माहेरी एक गोष्ट सांगितली की सकाळी दोन मोटारसायकली भरून माणसे येतात, इकडचे चार तयार होतात, आणि ज्या दोघांचे भांडण रात्रीच मिटले होते ते दोघे कोपऱ्यात उभे राहून पाहतात.

चांगली उदाहरणेही आपल्या महाराष्ट्रात आहेत. जोतीराव फुल्यांना १८४९ साली वडिलांनी सांगितले, शाळा सोड किंवा घर सोड. तेव्हा सावित्रीबाई त्यांच्यासोबत घराबाहेर पडल्या. पुढे सत्यशोधक समाजाने १८७३ साली भटजीवाचून लग्ने लावायला सुरुवात केली. जोतीरावांनी त्यासाठी ज्या मंगलाष्टका रचल्या, त्यांत वधू आणि वर एकमेकांशी बोलतात, वधू आपले हक्क मागते आणि वर वचन देतो. म्हणजे जे बोलणे मी चार भिंतींत करायला धजलो नाही, ते त्यांनी शंभर वर्षे आधी भर मांडवात करायला लावले.

त्याच १८७३ साली न्यायमूर्ती रानड्यांचे लग्न अकरा वर्षांच्या रमाबाईंशी झाले. रानड्यांनी बायकोला शिकवले, हे आपण पुस्तकात वाचतो. पण रमाबाईंनी आपल्या आठवणींत दुसरी बाजूही लिहिली आहे. नवरा शिकवी, आणि घरातल्या बायका त्याच शिकण्यावरून तिला टोमणे मारीत. शिकवायला येणाऱ्या मडमेला शिवली म्हणून तिला आंघोळ केल्याशिवाय घरात वावरता येत नसे. रानडे तिला धीर देत, सहन कर म्हणत. एवढा मोठा न्यायाधीश! माझ्यासारख्या सामान्य माणसाने त्यांना नाव ठेवू नये. पण शिकवण हीच घ्यावी की, बायकोला धीर देणे पुरेसे नाही. आपल्या घरच्यांना जे सांगायचे ते आपणच, आपल्या तोंडाने, गोड शब्दांत सांगावे लागते.

आणि अगदी आपल्या जंगलातले उदाहरण घ्या. डॉ. प्रकाश आमटे यांनी भामरागडकडे हेमलकशाला जाऊन माडियांची सेवा करायचे ठरवले होते. लग्न ठरवतानाच त्यांनी ही गोष्ट मंदाताईंना सांगितली. त्याही डॉक्टर, नागपूरला शिकलेल्या. त्यांनी विचार करून होकार दिला. १९७२ साली लग्न झाले, १९७३ च्या डिसेंबरात लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. रस्ता नाही, वीज नाही, राहायला झोपडी. हे हाल लग्नानंतर अचानक समोर आले असते, तर कोणत्याही मुलीने माहेरची वाट धरली असती, आणि तिला दोष देता आला नसता. पण ते आधी बोललेले होते. म्हणून ते हाल दोघांचे झाले. २००८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तोही दोघांना मिळून.

आपल्याला काही हेमलकशाला जायचे नाही. आपल्याला आपापल्या घरी सुखाने राहायचे आहे. मग बोलायचे काय? माझ्या मते पाच गोष्टी.

पहिली गोष्ट, चूल. एकत्र राहायचे की वेगळे, आणि एकत्र असेल तर कोणत्या कामात कोणाचा शब्द चालेल. एकाच आवारात दोन चुली असणे म्हणजे घर फुटणे, असे मानू नये. सुनेला शिकायचे असेल, अंगणवाडीत किंवा बचत गटात काम करायचे असेल, तर तेही आधीच सांगावे. "लग्नानंतर पाहू" हे उत्तर नव्हे. ते उत्तर टाळणे आहे.

दुसरी गोष्ट, पैसा. मुलावर कर्ज किती, बहिणीचे लग्न व्हायचे आहे काय, आईबापांना दरमहा किती द्यायचे, हे आकड्यांत बोलावे. लपवलेले कर्ज लग्नानंतर निघाले की विश्वास जातो. मुलीच्या अंगावरचे दागिने आणि तिला मिळालेले आंदण हे तिचे स्त्रीधन आहे. तिला विचारल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. हे मी कोणत्या तोंडाने सांगतो आहे, ते तुम्हाला आता कळलेच आहे. हुंड्याविषयी तर बोलणीच नकोत. १९६१ सालापासून तो गुन्हा आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९५५ सालच्या ग्रामगीतेत वैवाहिक जीवनावर एक अख्खा अध्याय लिहिला. आपण दर गुरुवारी त्यांची भजने म्हणतो आणि लग्नात शेत गहाण ठेवून बँडवाला बोलावतो!

तिसरी गोष्ट, भांडण. दोघांचे भांडण होणारच. ते कोणापर्यंत न्यायचे? माझा एक साधा नियम आहे. ज्याचे घर, त्याने बोलावे. मुलाच्या आईला सांगायचे ते मुलाने सांगावे, मुलीच्या बापाला सांगायचे ते मुलीने सांगावे. आणि "तिला असे वाटते" म्हणू नये, "आम्ही असे ठरवले" म्हणावे. या एका शब्दाने अर्धी भांडणे उभीच राहत नाहीत. मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगतो. मारहाण, छळ, पैशासाठी त्रास या गोष्टी घरात झाकून ठेवायच्या नसतात. तिथे मुलीने माहेरी सांगावे, पोलिसात सांगावे, २००५ चा कायदा तिच्यासाठीच आहे. धुरा पाणी अडवायला असतो, चोर लपवायला नाही.

चौथी गोष्ट, शरीर आणि संतान. आपल्या चंद्रपूर-गडचिरोली भागात सिकलसेल पुष्कळ घरांत आहे. दोघेही वाहक असतील तर दर बाळंतपणात, चारांतून एक, इतकी शक्यता असते की मूल पूर्ण आजारी जन्मेल. रक्ताची तपासणी सरकारी दवाखान्यात होते. लग्न ठरवण्याआधी दोघांनी ती करावी आणि एकमेकांना सांगावी. पण तो कागद त्या दोघांचा आहे. पानठेल्यावर त्याची चर्चा करण्याचा अधिकार गावाला नाही. तसेच मूल केव्हा, किती, याचा निर्णय त्यांचा. लग्नाला सहा महिने झाले नाहीत तो "काही विशेष?" म्हणून विचारणाऱ्या मावश्यांनी जरा धीर धरावा.

पाचवी गोष्ट, म्हातारे आईबाप. ही सर्वांत महत्त्वाची. धुरा बांधायचा म्हणजे आईबापांना बांधाबाहेर टाकायचे, असा अर्थ कोणी घेत असेल तर त्याने माझे भाषण ऐकलेच नाही. २००७ च्या कायद्याने आईबापांच्या सांभाळाची जबाबदारी मुलगा आणि मुलगी दोघांवर टाकली आहे. म्हणून दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांची सोय कशी करायची, कोण कोणाकडे राहणार, दवाखान्याचा खर्च कसा, हे आधीच बोलावे. जिला भाऊ नाही अशा मुलीला तर हे बोलायचा पूर्ण हक्क आहे. आपल्या आईची काळजी जिने घ्यावी असे आपल्याला वाटते, तिलाही आई आहे, एवढे मुलाने ध्यानात ठेवावे.

आता गोष्टीचा उत्तरार्ध सांगून बसतो. २००६ साली माझ्या मुलीचे लग्न ठरले. साक्षगंध झाले. महिनाभराने मुलगी आणि होणारे जावई दोघे माझ्यासमोर बसले. जावयांच्या हातात वहीचे एक पान होते. म्हणाले, "बाबा, आम्ही काही गोष्टी ठरवल्या आहेत. आमच्या घरी मी कालच वाचून दाखवल्या. आता ही तुम्हाला सांगते." मुलीने वाचले. आवार एक, चूल वेगळी. जावयांच्या आईबापांना दरमहा ठरावीक रक्कम, आणि आम्हाला गरज पडेल तेव्हा आम्हालाही. दिवाळी एक वर्ष तिकडे, एक वर्ष इकडे. दोघांचे भांडण झाले तर तीन दिवस कोणत्याही घरी फोन करायचा नाही. दागिने तिच्या नावाच्या खात्यावर, बँकेत.

मला राग आला. खरेच आला. ज्या पोरीला मी बोट धरून शाळेत नेले, ती मला अटी वाचून दाखवते! मी म्हणालो, "आमच्या वेळी असले कागद नव्हते." तेव्हा आतून सौ. आल्या. एवढ्या वर्षांत त्या माझ्यासमोर पाहुण्यांदेखत बोलल्या नव्हत्या. म्हणाल्या, "नव्हते, म्हणूनच तर. नीट ऐकून घ्या."

मंडळी, तीस वर्षांनी मला एकदाणीचा हिशोब मिळाला.

त्या कागदाने सर्व काही गोड झाले असे मी सांगणार नाही. आमच्या ईहीनबाई वर्षभर नाराज होत्या. पहिल्या पोळ्याला त्यांनी जेवायलाही बोलावले नाही. जावई मात्र रोज सकाळी आईजवळ जाऊन बसत, चहा तिच्याच हातचा घेत, आणि कागदावरचा शब्द मात्र बदलत नसत. पुढच्या वर्षी ईहीनबाईंना टायफॉइड झाला. तेव्हा माझ्या मुलीने आपली चूल तीन आठवडे बंद ठेवली आणि त्यांच्या चुलीवर रांधले. हे कागदात नव्हते. कोणी सांगितलेही नव्हते. बऱ्या झाल्यावर त्या मला म्हणाल्या, "इवाई, वेगळी चूल आहे म्हणून आम्ही भांडलो नाही. एक असती तर रोज भांडलो असतो." धुऱ्याची खरी साक्ष मला त्यांनी दिली.

त्या वर्षीच्या दिवाळीला मी सौ.साठी एकदाणी केली. ती जुनी नव्हती, आईच्या हातची नव्हती. त्यांनी ती घातली. आजही त्यांच्या गळ्यात आहे. पण जुनीची जागा तिने घेतली, असे म्हणायची माझी हिंमत नाही. काही गोष्टी फेडता येत नाहीत, म्हणून त्या आधीच सांभाळायच्या असतात.

पोरांनो, पोरींनो, तुमच्यासाठी शेवटचे. या देवळाकडे नीट पाहा. समितीने सभामंडप मोठा केला. तो सगळ्यांचा आहे. भजन इथे, महाप्रसाद इथे, पावसात अडकलेला वाटसरूही इथेच निजेल. पण गाभारा त्यांनी मोठा केला नाही. जुना होता तेवढाच ठेवला, फक्त चौकट नवी बसवली. गाभाऱ्यात गर्दी नसते, म्हणून काही देव भक्तांवर रागावलेला नसतो. तुमच्या संसाराचा सभामंडप असाच मोठा ठेवा. आईबाप, दीर, नणंद, भाटवा, मामा, सगळ्यांना तिथे जागा असू द्या. पण दोघांचा एक लहान गाभारा राखा, आणि त्याची चौकट हळद लागण्यापूर्वी दोघांनी मिळून बसवा.

आणि आम्ही म्हाताऱ्यांनी काय करावे? लेकरे कागद घेऊन आली, तर रागावण्याआधी एकदा पूर्ण वाचून घ्यावा. आपल्या घरातून कोणी काही बोलू पाहत असेल, तर तेही ऐकावे.

 उद्याच्या कलशारोहणाला सर्वांनी सहकुटुंब यावे, ही विनंती करून आपली रजा घेतो. जय गुरुदेव.